सही होण्याआधीचं पत्र

आमच्या इस्टेटीत, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतीत, बसस्टॉपचा खांब बसच्या कितीतरी आधी आला. परदेशातल्या या शहराच्या पश्चिम टोकाला, ट्रुगानिनाच्याही पुढे, जिथे गेल्या वर्षीपर्यंत नुसतं गवत होतं, तिथे आम्ही घर घेतलं. घर दाखवणाऱ्या मुलीने नकाशावर एका ठिपक्यांच्या रेषेवर नख टेकवून सांगितलं होतं, "ही तुमची बस." खांब खरंच आला. वर बसचं चित्र, खाली वेळापत्रकाची रिकामी चौकट. मुलं त्याला सायकली टेकवून ठेवायची. दोन वर्षं गेली, चौकट रिकामीच राहिली.

गाडी एकच. ती मी घ्यायचे, कारण मुलीला चाइल्डकेअरला सोडून मला वृद्धाश्रमाच्या किचनची सकाळची शिफ्ट गाठायची असायची. नवरा स्टेशनपर्यंत पस्तीस मिनिटं चालत जायचा. उन्हाळ्यात ट्रेनमध्ये बसेपर्यंत त्याचा शर्ट भिजलेला असायचा. बॅगेत तो दुसरा शर्ट ठेवायचा.

शेवटी मी आमदारांच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेले. मतदारसंघाचं नाव सांगत नाही. वेरिबीच्या अलीकडचा की पलीकडचा, तेही नको. आमदार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पिंपरीतल्या लहानपणच्या गाड्या आणि गाड्यांमागून धावणारी माणसं यायची. इथे एका केमिस्टच्या आणि पावाच्या दुकानाच्या मधोमध काचेचं दार होतं. आत काउंटर, काउंटरवर लॉलीपॉपची वाटी. माझी तक्रार चार पानांची होती. टाइप केलेली, फोटो जोडलेले, कुणाला कधी फोन केला आणि कोण काय म्हणालं ते सगळं ओळीने.

आमदार बाई स्वतःच बाहेर आल्या. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. मीही पुढे तोंडाने तसंच म्हणत आले, पण मनात त्या कायम बाईच राहिल्या. साठीकडे झुकलेल्या, रुंद खांद्यांच्या, केस कानामागे घट्ट अडकवलेले. चारही पानं त्यांनी उभ्याउभ्याच वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"नोकरी हवीये?"

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, कुणी गोड बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे बघू नये, हाताकडे बघावं. मी बाईंच्या हातांकडे बघितलं. बोटं जाड होती, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. त्यातून मला काहीच कळलं नाही.

घरी सांगितल्यावर नवरा हसला. "इलेक्शन जवळ आलंय गं. तिला काउंटरवर एक इंडियन चेहरा हवाय."

मलाही तसंच वाटलं होतं. पण किचनमध्ये सकाळी सातपासून उभं राहून माझ्या टाचा दुखायला लागल्या होत्या. मी इंटरव्ह्यूला गेले.

त्यात बाईंनी विचारलं, "तुम्हा लोकांमध्ये तू कोणत्या गटातली?"

माझी पाठ ताठ झाली. या इस्टेटीत आल्यापासून मराठी बायकांनी मला हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला होता. आधी गाव, मग आडनाव, मग "अच्छा अच्छा" म्हणून थोडी शांतता. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"दिवाळीला तीन इंडियन संघटनांनी मला बोलावलं. प्रत्येकीने सांगितलं, बाकीच्या दोघींकडे जाऊ नकोस. तू कोणाची?"

"कोणाचीच नाही. आम्ही बौद्ध आहोत. आमचा मोठा कार्यक्रम एप्रिलमध्ये असतो."

त्यांनी वहीत एकच शब्द लिहिला, 'एप्रिल'. मी मनात म्हटलं, झालं, मतांचा अजून एक कोपरा सापडला यांना.

एप्रिलमध्ये त्या आल्या. कम्युनिटी हॉलमध्ये सगळ्यांबरोबर खाली बसल्या, वंदना होईपर्यंत हलल्या नाहीत, भाजी-भात खाल्ला आणि माइक न मागता निघून गेल्या. आमच्यातले एक काका म्हणाले, "बाई साधी आहे." मी म्हटलं, "काका, हुशार आहे. माइक मागितला नाही, म्हणूनच तर तुमच्या लक्षात राहिली."

नोकरी मला मिळाली होती. ऑफिसात आम्ही दोघं. मी, आणि बाई नगरपालिकेत होत्या तेव्हापासून त्यांच्याबरोबर असलेले एक काटकुळे गृहस्थ. ते ऑफिस सांभाळायचे. मोबाइल त्यांना फक्त उचलता यायचा. मेसेज आला की ते तो माझ्यापुढे धरायचे. काम म्हणजे पत्रं, फोन, शंभरी गाठलेल्या आजी-आजोबांना अभिनंदन, शाळांना झेंडे, आणि खड्डे-कचऱ्याच्या तक्रारी, ज्या खरं तर नगरपालिकेच्या असतात हे दिवसातून दहादा समजावणं.

बाईंचा जन्म वेरिबीच्या दक्षिणेकडच्या भाजीच्या शेतांतला. आईवडील इटलीहून आलेले. शाळेत जायच्या आधी फ्लॉवर पेट्यांत भरायचा, मग शाळा. ती अर्धवट सुटली. लग्न झालं, दोन मुलं झाली, नवरा लवकर गेला. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. एकदा एका वळणावर फुटपाथ नसल्यामुळे एका मुलाला गाडीचा धक्का लागला. त्याचा पाय मोडला. बाईंनी फुटपाथसाठी नगरपालिकेच्या इतक्या चकरा मारल्या की एक अधिकारी वैतागून म्हणाला, तूच का नाही उभी राहत? त्या उभ्या राहिल्या. दोन वेळा नगरसेवक, मग विधानसभा, तिथे ही तिसरी टर्म.

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून तीन वेळा तरी ऐकली आणि तिन्ही वेळा मला ती जरा जास्तच घासूनपुसून ठेवलेली वाटली. विशेषतः फ्लॉवरचा भाग. एकदा मी त्यांना एका शेतावर घेऊन गेले होते. म्हाताऱ्या शेतकऱ्याने गंमत म्हणून त्यांच्या हातात सुरा दिला. बाई वाकल्या, एका हाताने गड्डा कलता केला, एका घावात कापला आणि भोवतीची पानं अशी छाटली की गड्डा त्यांच्यात वाटीत बसावा तसा बसला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. शेतकरी म्हणाला, "विसरली नाही हं अजून." मी फोटो काढला. आणि तरीही मनात आलं, हे दर इलेक्शनला करत असणार.

नवऱ्याला हे सगळं मी जेवताना सांगायचे. त्याला ऐकायला आवडायचं आणि मला सांगायला. बाईंची नक्कल मला चांगली जमायची.

मग चकचकीत तपकिरी बुटांचा माणूस यायला लागला. दर दुसऱ्या मंगळवारी, मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत. डायरीत त्याची नोंद नसायची. बाई आतून दार लावून घ्यायच्या. अर्ध्या तासाने तो जायचा आणि उरलेली दुपार बाई कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. मी काटकुळ्या गृहस्थांना विचारलं, "हे कोण?"

"जुना मित्र," ते म्हणाले आणि कपाट आवरायला लागले. कपाट आवरलेलंच होतं.

घरी मी म्हटलं, "बिल्डरचा माणूस असणार. आपल्या भागात इतक्या मातीत, बुटाला एक डाग नाही. मागच्या दाराने येतो म्हणजे काय समजायचं?"

"समजायचं काय त्यात," नवरा म्हणाला. "आपली बस विकली जातेय."

मी हसले. त्याला विरोध मात्र केला नाही.

असेच दोन महिने गेले. एका मंगळवारी तो माणूस येऊन गेल्यावर बाईंनी मला एक पत्र नीट मांडून द्यायला सांगितलं. मंत्र्यांना लिहिलेलं. या वर्षी पश्चिमेकडे एकच नवा बसमार्ग मंजूर होणार होता. बाईंचं म्हणणं असं की तो आमच्या इस्टेटीतून न नेता रेल्वे रुळांपलीकडच्या जुन्या वस्तीतून न्यावा. मी पत्र दोनदा वाचलं. आमच्या इस्टेटीचं नाव त्यात होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'या रहिवाशांकडे बहुतांशी स्वतःची वाहनं आहेत.'

माझ्या नवऱ्याचा भिजलेला शर्ट माझ्या डोळ्यांपुढे आला. पण मी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले.

बुधवारी मी घरून काम करायचे. ऑफिसचे कागद घरी न्यायचे नाहीत, असा नियम होता. मला स्क्रीनवर चुका सापडत नाहीत म्हणून मी पत्राची प्रिंट बरोबर आणली. जेवणाच्या टेबलावर बसून पेन्सिलने खुणा केल्या. अकराला मुलीच्या चाइल्डकेअरमधून फोन आला, तिला ताप आहे. मी तशीच उठून गेले. नवरा त्या दिवशी घरीच होता.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात पोचले तर फोन थांबत नव्हते. पत्राचा फोटो इस्टेटीच्या ग्रुपवर आला होता, तिथून फेसबुकवर, तिथून एका रेडिओवाल्याकडे. सही नसलेलं, पण बाईंच्या लेटरहेडवरचं. लोक ओरडत होते. कुणी म्हणालं, तुम्ही आम्हाला विकलंत. एक पंजाबी आजोबा फक्त रडले.

बाईंनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. मला शेवटी.

"तू केलंस का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. पण तुम्ही मलाच विचारणार, हे मला माहीत होतं."

"मी दोघांनाही विचारलं," बाई म्हणाल्या. "ते पत्र तीनच माणसांनी बघितलं होतं. मी, तू आणि ते. त्यांना फोटो पाठवता येत नाही."

मी रागाने बाहेर आले. खरं बोलले होते, म्हणून राग जास्त होता. वर्षभर सगळ्यांशी गोड वागून शेवटी बोट कुणाकडे, तर माझ्याकडे. लहानपणी वर्गात पेन हरवलं की आधी कुणाचं दप्तर उघडायचे, ते मी विसरले नव्हते. गाडीत बसून मी त्या फोटोकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तोपर्यंत नुसता मजकूर बघत होते.

कागदाच्या कडेला माझी पेन्सिलची खूण होती. आणि कागदाखाली, खालच्या कोपऱ्यात, पिवळ्या लिंबांचं चित्र. आमच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवरची लिंबं. एका लिंबावर मुलीने निळ्या पेनाने डोळे काढले होते. तो एक डोळा दिसत होता.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी फोन त्याच्यापुढे ठेवला. त्याने बघितलं आणि खुर्ची ओढून बसला.

"एकालाच पाठवला होता," तो म्हणाला. "माझ्याबरोबर स्टेशनला चालत येतो ना, त्याला. म्हटलं, मित्रा, आपली बस गेली, फक्त तुझ्याजवळ ठेव."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"हो ना. मग?" त्याचा आवाज चढला. "तू ते पत्र वाचलंस. तुझ्या हाताने नीट केलंस. घरी येऊन मला सांगितलंस का? रोज सगळं सांगतेस, तो माणूस आला, दार लावलं, हे झालं, ते झालं. आणि हेच तेवढं नाही. मला वाटलं, तू आता त्यांची झालीस."

"आणि म्हणून माझी नोकरी घालवलीस?"

"तुझं नाव कुठेय त्यात?"

"टेबल आहे आपलं!" मी ओरडले. मुलगी आतून म्हणाली, "आई, व्हाय आर यू शाउटिंग?" मी म्हटलं, काही नाही, झोप.

मला त्याच्याएवढाच माझाही राग आला. बिल्डर, बूट, मागचं दार, सगळं मीच आणून दिलं होतं त्याला. माझ्या संशयाची दर संध्याकाळी त्याला चटणी-भाकरी मिळत होती. त्याने फक्त त्याच्या परीने काहीतरी केलं होतं. मी तेही केलं नव्हतं.

शनिवार-रविवार आम्ही एकमेकांशी मुलीमार्फत बोललो. सोमवारी मी बाईंच्या खोलीत जाऊन दार लावलं.

"पत्र माझ्या घरातून गेलं," मी म्हटलं. "मी नाही, पण माझ्या घरातून. प्रिंट मी नेली होती. नवऱ्याने फोटो काढला."

बाई म्हणाल्या, "त्याला बस हवी होती?"

"तो रोज पस्तीस मिनिटं चालतो."

"हं." त्यांनी खिडकीच्या पडद्याची पट्टी सरळ केली. "रुळांपलीकडच्या बायका हॉस्पिटलात आणि गोदामांत साफसफाईला जातात. पहाटे निघतात. त्यांच्याकडे गाडीच नाही. तुमच्याकडे एक तरी आहे. मी मोजून बघितलं, त्यांना आधी मिळायला हवी असं ठरवलं."

"आणि तो बूटवाला?"

त्यांना आधी कळलं नाही. मी वर्णन केलं तेव्हा त्या पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसू मला आवडलं नाही. "तो बिल्डरचा नाही. आमच्या पक्षाचा. इथल्या शाखेतली मतं त्याच्या खिशात आहेत. जुन्या वस्तीत त्याची माणसं आहेत. त्याने सांगितलं, मार्ग तिकडून गेला तर पुढचं तिकीट तुला, नाहीतर बघ."

"मग खरं कारण कोणतं? त्या बायका की तिकीट?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "मी स्वतःला पहिलं सांगते. काही दिवस त्यावर माझा विश्वासही बसतो."

इतकं सरळ उत्तर मला राजकारणातल्या माणसाकडून कधी मिळालं नव्हतं. त्यानेही मी सैल पडले नाही. वाटलं, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून खरं बोलतायत.

मग त्या कामाचं बोलल्या. कागद बाहेर गेल्याचं त्यांना वर कळवावं लागणार होतं. चौकशी झाली तर माझं नाव कायमचं लागेल. "मी दुपारी चारला कळवणार आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी तू राजीनामा दिलास तर मी लिहीन की कर्मचाऱ्याने स्वतः चूक सांगितली आणि नोकरी सोडली. ठरव तू."

मी तिथेच बसून लिहिला. काटकुळ्या गृहस्थांनी माझा मग धुऊन, कागदात गुंडाळून आणून दिला. गाडीपर्यंत जाताना मनात आलं, चौकशी झाली असती तर त्या पत्रामागचा बूटवालाही बाहेर आला असता. माझ्या राजीनाम्याने वाचलं कोण? मी की बाई? अजूनही ठरत नाही.

तिकीट त्यांना मिळालं नाहीच. इतका बोभाटा झाल्यावर पक्षाने नवा माणूस उभा करायचं ठरवलं आणि नवा माणूस म्हणजे तोच. मागच्या दाराने येणारा पुढच्या दाराने आला. दोन्ही बाजूंना त्याने बसचं वचन दिलं, पोस्टरवर हसला आणि निवडून आला.

त्याआधी बाईंचं विधानसभेतलं शेवटचं भाषण झालं. मी ते दुपारी लॅपटॉपवर लावलं. नवरा शेजारी येऊन बसला. तोपर्यंत आमचं बोलणं सुरू झालं होतं, कामापुरतं. बाईंनी फ्लॉवर, शाळेची बस, मोडलेला पाय, सगळं सांगितलं. मला पाठच होतं. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मी एक पत्र लिहिलं. ज्यांची बस मी दुसऱ्यांना देत होते, त्यांच्या दारात जाऊन आधी सांगायला हवं होतं. मी गेले नाही, कारण मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं." मागच्या बाकांवरचा एक जण फोनमध्ये बघत होता.

नवरा म्हणाला, "भाषण चांगलं लिहिलंय कुणीतरी."

"त्या स्वतःच लिहितात," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

माहीत नव्हतं. मी तिथे होते तेव्हाची भाषणं ते काटकुळे गृहस्थ लिहायचे. हे शेवटचं कुणी लिहिलं, ते मला कधीच कळलं नाही.

नवऱ्याने मात्र त्यानंतर एक केलं. एका रविवारी तो एकटाच गाडी घेऊन रुळांपलीकडे गेला. परत आल्यावर म्हणाला, "तिकडे फुटपाथही नाहीत गं अर्ध्या रस्त्याला." एवढंच. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. किचनचं काम मी पुन्हा धरलं होतं; दुसऱ्या दिवशी त्याने मला तिथे शिफ्टला सोडलं, गाडी माझ्यासाठी ठेवली आणि स्वतः तिथून चालत स्टेशनला गेला.

वर्षभराने मी रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये ऑफिसच्या कामासाठी अर्ज केला. शिफारशीसाठी बाईंचं नाव द्यावं की नाही, यावर आठवडा घातला. शेवटी फोन केला. त्या शेतावर होत्या, मागे पंपाचा आवाज येत होता. "देईन ना," म्हणाल्या. "मला जे माहीत आहे ते लिहीन."

इंटरव्ह्यूला तिघं होते. मधल्या बाईने शिफारसपत्र उचललं आणि म्हणाली, "इथे लिहिलंय, 'तिने मला खरं सांगितलं, तेव्हा त्याची किंमत तिलाच पडणार होती.' हे काय प्रकरण आहे?"

बाईंना 'कष्टाळू, वक्तशीर' लिहिता आलं असतं. हे वाक्य त्यांनी चांगुलपणाने लिहिलं, की मला पुन्हा एकदा सगळं बोलायला लावण्यासाठी? तिघं माझ्याकडे बघत होते. सांगितलं नाही तर संशय, सांगितलं तर कागद घरी नेणारी बाई.

मी पाणी प्यायले आणि सांगायला लागले. प्रिंट, ताप, लिंबं, नवरा, सगळं. शेवटी मधल्या बाईने विचारलं, "आमच्याकडे लोकांचे रिपोर्ट असतात. तू ते घरी नेशील का?"

"नाही," मी म्हटलं. "आता बुधवारी घरून काम करणंही मला नको."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, सोमवारपासून ये. मी बाईंना मेसेज पाठवला, नोकरी मिळाली, आभारी आहे. त्यांनी उत्तरात अंगठा पाठवला आणि त्याखाली विचारलं, "वाक्याबद्दल विचारलं का?"

मी लिहिलं, "हो. सगळं सांगितलं."